आधी वाल पाहू

“आधी वाल पाहू,” असं म्हणून फिटरभाऊ उकिडवे बसत. नळाला पाणी येत नाही, कूलरचा पंप बंद पडला, सूनबाई माहेराहून परत येत नाही. तक्रार कोणतीही असो, पँटचे गुडघे दोन्ही हातांनी वर ओढायचे, उकिडवं बसायचं, मान एका बाजूला कलती करायची आणि हे वाक्य म्हणायचं. वाल म्हणजे व्हॉल्व्ह. पाणी अडलं की माणसं आधी नळाला शिव्या देतात, मग टाकीला, मग नगरपरिषदेला. मधे कुठेतरी कुणीतरी एक चक्री फिरवून ठेवलेली असते, ती कोणी पाहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी त्या नगरपरिषदेत लिपिक होते. माहेर बडनेऱ्याचं, वडील रेल्वेत. अकोला आणि अमरावतीच्या मधलं ते तालुक्याचं गाव, नाव लिहीत नाही. तिकडचे लोक ओळखतील. तुम्ही तिकडचे नसाल तर तुमच्याही गावात असा एखादा माणूस तुम्ही पाहिला असेलच. माझ्याकडे दोन टेबलं होती. एक नळजोडणीच्या अर्जांचं आणि दुसरं सभेचं. सभेत कोण काय बोललं ते लिहून काढायचं, त्याला इतिवृत्त म्हणतात. फिटरभाऊ या दोन्ही टेबलांवर माझ्यासमोर आले.

पहिल्या टेबलावर ते परवानाधारक नळ कारागीर म्हणून येत. बुटके, काळेसावळे, हात कोपरापासून मनगटापर्यंत एकाच जाडीचे. उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. मोपेडला पाइपांची मोळी बांधलेली, त्यामुळे वळताना मागून येणारा माणूस आपणहून थांबत असे. नव्या जोडणीच्या अर्जामागे जागेचा नकाशा काढावा लागतो. बाकीचे फिटर दोन रेघा मारून मोकळे होत. हे मात्र कडुनिंबाचं झाड, गटाराची फरशी, शेजाऱ्याचा ओटा, सगळं काढत. मी एकदा म्हटलं, “भाऊ, झाड कशाला?”

“मुळ्या पाइपाले धरते ना ताई. पुढच्या फिटरले माहीत पाहिजे.”

गावाच्या पाइपलाइनचा मूळ नकाशा कचेरीत होता, पण अर्धा उंदरांनी खाल्ला होता. तो अर्धा फिटरभाऊंच्या डोक्यात होता. नवा अभियंता रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्यांना बोलावणं जाई.

असा माणूस निवडणुकीला उभा राहील असं कुणाला वाटलं नव्हतं, त्यांना तर नव्हतंच. झालं असं की त्यांच्या प्रभागातला जुना नगरसेवक म्हातारपणाने गेला, आणि त्याच्या जागेवर दोन पुतणे भांडायला लागले. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, यांच्यापेक्षा आपला फिटरभाऊ बरा, निदान हाक मारली की येतो. त्यांच्या थोरल्या भावाने ते मनावर घेतलं. थोरल्या भावाचं किराण्याचं दुकान होतं, जुनी जीप होती आणि गल्लीत शब्दाला वजन होतं. त्यांनी अर्ज आणला, भरला आणि धाकट्याला नुसती सही करायला बसवलं.

अपक्ष उमेदवाराला चिन्ह निवडावं लागतं. फिटरभाऊंनी अर्थातच नळ मागितला. तोच एका पुतण्यानेही मागितला, चिठ्ठी टाकली गेली आणि नळ पुतण्याला गेला. यांच्या वाट्याला कढई आली. मग प्रचार कसा करायचा? घरोघरी जाऊन सांगायचं, “नळ म्हंजे मी नोहो. मी कढई आहो.” मतदानाच्या दिवशी निम्म्या म्हाताऱ्यांनी मशीनवर नळ पाहिला, फिटरभाऊ आठवले आणि नळाचं बटण दाबलं. बाहेर येऊन त्यांनाच सांगितलं, “देलं बरं बाप्पा तुले मत, नळावरच देलं.” ते नुसते हसले. हातांच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी ते निवडून आले. पोरी-बायांनी कढया वाजवत मिरवणूक काढली. त्यांची बायको, आमच्या वहिनी, हिवरखेडच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी ओवाळून झाल्यावर एवढंच विचारलं, “आता उद्या देशमुखाइच्या घरची टाकी कोन जोडीन?”

“मीच,” ते म्हणाले. आणि खरंच जोडली.

नगरसेवक झाल्यावर त्यांनी पांढरे शर्ट शिवले, दोन. महिन्याभरात दोन्हींच्या बाह्यांवर गंजाचे डाग पडले. लोकांनाही सुरुवातीला अवघड वाटे, नगरसेवकाला मोरीत कसं उतरवायचं. तेच म्हणत, “मोरीत उतरलो तं समजते ना प्रभाग कसा आहे.”

दुसऱ्या टेबलावर, म्हणजे सभेत, त्यांनी मला फार दमवलं. इतर सदस्यांचं बोलणं ऐकतानाच इतिवृत्ताच्या भाषेत बसायचं. यांचं बसत नसे. एकदा नव्या वसाहतीच्या जोडणीवर ते तावातावाने बोलले. मी लिहिलं, “मा. सदस्यांनी कामाच्या दर्जाबाबत हरकत नोंदवली.” दुसऱ्या दिवशी ते कचेरीत आले, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “ताई, म्या हरकत नाही नोंदवली. म्या सांगतलं का मीटर उलटा बसवला आहे. उलटा लिहा ना.” मी ‘उलटा’ लिहिलं. त्यानंतर प्रत्येक सभेनंतर ते येत आणि माझ्या टेबलाशी बसून स्वतःचं बोलणं वाचत. मोठ्याने. मला राग येई, आणि हळूहळू त्याचीच सवय झाली.

आता जे सांगणार आहे ते त्यांच्या नगरसेवकपणाच्या तिसऱ्या वर्षातलं.

गावाच्या एका टोकाला नाल्यापलीकडे एक वस्ती आहे. बहुतेक घरं बौद्धांची. कोणी शाळेत शिक्षक, कोणी पोस्टात, बरेच जण मजुरीला, मधोमध विहार. गावाला पाचव्या दिवशी पाणी येतं, तसं त्या वस्तीचाही दिवस ठरलेला होता, पण नळाला करंगळीएवढी धार यायची आणि दोन-चार घरांपुढे तीही जात नसे. बायका नाला ओलांडून अलीकडच्या हापशीवरून पाणी नेत. वर्षानुवर्षं कचेरीचं उत्तर एकच असे, वस्ती उंचावर आहे, पाणी चढत नाही.

फिटरभाऊ त्या वस्तीत दुरुस्तीला जात. काम झाल्यावर कुणी चहा पुढे केला की म्हणत, “नको, आताच झाला.” कधीही गेलं तरी आताच झालेला असे. वस्तीत याचा जो अर्थ लावायचा तो लावला गेला होता. आपल्याकडे चहा नाकारण्याचा अर्थ त्या घरांना शिकवावा लागत नाही.

त्या वर्षी सभेपुढे विषय आला, वस्तीला कायमस्वरूपी टँकर द्यावा आणि नळाच्या वेळापत्रकातून ती वगळावी. अंगणवाडीच्या शीलाताई वस्तीतर्फे निवेदन घेऊन आल्या होत्या, सभागृहाच्या मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना टँकर नको होता, नळाला पाणी हवं होतं. अभियंत्यांनी टिपणी वाचली, “सदर वस्ती उंचवट्यावर असल्याने पुरेसा दाब मिळत नाही.” अध्यक्षांनी विचारलं, मंजूर? दोन-तीन हात वर झाले.

फिटरभाऊ उभे राहिले. “पानी चढते,” ते म्हणाले.

“काय म्हणता?”

“अध्यक्षसाहेब, त्या वस्तीची चढन माह्या कमरेएवढीही नाही. पानी चढते. मधात वाल आहे.”

अभियंता म्हणाले, “कोणता वाल? नकाशात तिथे वाल नाही.”

“नकाशात नाही. जमिनीत आहे. म्या बसवला.”

 मग त्यांनी सगळं सांगितलं, घाई न करता. सतरा वर्षांपूर्वी त्यांना नुकता परवाना मिळायचा होता. तो मिळायला नगरसेवकाची शिफारस लागत असे, आणि तेव्हाच्या नगरसेवकाने, त्याच गेलेल्या म्हाताऱ्याने, त्यांना एक काम सांगितलं. वस्तीकडे जाणाऱ्या लाइनवर एक वाल बसव आणि अर्ध्याहून जास्त बंद कर. उन्हाळ्यापुरतं, बाजारात आणि आपल्या गल्लीत पाणी कमी पडतं म्हणून. त्यांनी बसवला. उन्हाळा संपला तरी ‘आता वाल उघड’ असं कोणी म्हणालं नाही. पुढे त्यावरून रस्ता झाला, मग सिमेंटचा रस्ता झाला. म्हातारा वारला. वाल कुठे आहे हे जाणणारा एकच माणूस उरला.

“सतरा वर्सं मले माहीत होतं,” ते म्हणाले. “आज तुमी टँकर मंजूर केला असता तं तो कायमचाच बंद झाला असता. मारुतीच्या ओट्यापासून नऊ पावलं. खोदा. आनि हे सारं लिहा.”

शेवटचं वाक्य माझ्याकडे पाहून होतं.

मागच्या खुर्चीवर शीलाताई उभ्या राहिल्या होत्या. बोलायची परवानगी नव्हती. निवेदनाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि निघून गेल्या.

सभा संपल्यावर अध्यक्षांनी मला दालनात बोलावलं. चहा सांगितला. म्हणाले, “मॅडम, ते वालाचं लिहू नका. भावनेच्या भरात बोलले ते. त्यांच्याच हिताचं आहे.” मी ‘बरं’ म्हटलं. मला ते पटलंही होतं, खोटं कशाला सांगू. मी लिहिलं, “सविस्तर चर्चेअंती विषय तहकूब ठेवण्यात आला.”

दोन दिवसांनी फिटरभाऊ आले. चष्मा लावला, वाचलं, पान उलटून मागे पाहिलं, परत पुढे पाहिलं.

“ताई, माहं बोलनं कुठी आहे?”

“अध्यक्षांनी सांगितलं, नका घेऊ. तुमच्याच भल्यासाठी.”

कचेरीत इतकी माणसं असताना ते माझ्या टेबलाशेजारी उकिडवे बसले. “आधी वाल पाहू,” म्हणाले. “हा वाल सायबानं बंद केला का तुमी?”

मी इतिवृत्ताची वही स्वतःकडे ओढली.

“मलेही तवा असंच सांगतलं होतं. तुह्याच हिताचं आहे म्हने. सांगनारा सांगून गेला. चक्री फिरवनारा हात माहा होता.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. ते उठले, गुडघ्यावरची घडी झटकली आणि गेले. मी दुपारचा डबा न खाता ते पान फाडलं आणि नवं लिहिलं. त्यांनी सांगितलेलं सगळं, नऊ पावलांसकट. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना अध्यक्षांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. पण लिहिलेलं वाचून झालं होतं, शीलाताई वस्तीतल्या दहा-बारा बायकांना घेऊन मागे बसल्या होत्या, आणि खोदाईला परवानगी द्यावी लागली. मला पंधरा दिवसांत सभेच्या टेबलावरून काढून जन्म-मृत्यू नोंदणीत टाकलं. निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होते, नळजोडणीचे अर्ज तेवढे माझ्याकडेच राहिले.

खोदाईच्या दिवशी ठरावाची प्रत घेऊन मी गेले होते, कारण दुसरं कोणी जायला तयार नव्हतं. मारुतीच्या ओट्यापाशी गल्ली जमली होती. वाल उघडला की आपली धार बारीक होणार हे गल्लीला कळलं होतं. आणि बरोबर नवव्या पावलावर प्लास्टिकची खुर्ची टाकून थोरले भाऊ बसले होते.

“उठा, दादा,” फिटरभाऊ म्हणाले.

“तू निवडून कोनाच्या मतानं आला बे?”

“तुमच्याच.”

“मंग काहून आमच्याच मुळावर उठला? तिकडचं एक तरी मत आहे का तुह्या प्रभागात?”

“नाही. एकही नाही.”

“मंग?”

“पानी त्यायचं आहे, दादा. म्या अडवलं.”

थोरले भाऊ उठले नाहीत. फिटरभाऊ त्यांच्या शेजारी रस्त्यावरच बसले. कुदळी घेतलेले दोन मजूर सावलीला गेले. मी ठरावाची प्रत डोक्यावर धरून उभी राहिले, कागदाचा तेवढाच उपयोग होता.  मधेच धाकट्याने मोठ्याला पाण्याचा पेला आणून दिला, मोठ्याने तो पिऊन परत दिला. दुपारी एकच्या सुमाराला वऱ्हाडातल्या एप्रिलच्या उन्हाने निकाल लावला. थोरले भाऊ उठले, खुर्ची उचलली, ती धरवत नव्हती इतकी तापली होती. ते घरात गेले आणि त्यानंतर धाकट्या भावाशी बोलले नाहीत. सख्खे शेजारी, मधे एक भिंत, पण बोलले नाहीत.

वाल सापडला. गंजून दगड झाला होता. फिटरभाऊ खड्ड्यात उतरले, घासलेट ओतलं, वाट पाहिली, पाना लावला, पुन्हा ओतलं. पहिला फेरा फिरला तेव्हा त्यांच्या तोंडून नुसता हुं असा आवाज आला. पुढचे फेरे त्यांनी मोठ्याने मोजले.

वस्तीचा पाण्याचा दिवस तिसऱ्या दिवशी होता. मी सकाळी कचेरीच्या आधी गेले. नळांना हंडा पुढे सरकवावा लागेल अशी धार होती. पोरं ओरडत होती, कुणीतरी विहारासमोरची फरशी धुवायला काढली होती. फिटरभाऊ शेवटच्या घरापर्यंत प्रत्येक नळ पाहत गेले. शीलाताईंची सासू दारात बसली होती, सत्तरीची बाई. ती म्हणाली, “सतरा वर्सं डोक्यावर वाह्यलं म्या पानी. तू मले रोज दिसे. हापशीवर दिसे. सांगतलं नाही.”

“नाही सांगतलं,” ते म्हणाले.

“काहून?”

“भेव वाटे, माय. आनि मंग भेव गेलं तं लाज वाटे.”

म्हातारीने मान फिरवली. ती शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. तिचं चुकलं असं मला वाटत नाही, आणि त्यांनाही वाटलं नाही.

शीलाताईंनी मात्र चहा आणला. माझ्यासमोर कप धरला, मग त्यांच्यासमोर धरला, आणि हात मागे न घेता म्हणाल्या, “आताच झाला म्हनसान?”

फिटरभाऊंनी कप घेतला. दोन्ही हातांनी धरला होता.

“आमाले वाटे तुमाले आमचा चहा चालत नाही.”

“कोन्या तोंडानं पेऊ, ते समजत नव्हतं,” ते म्हणाले आणि प्यायले. चहा खूप गरम होता. ते फुंकर न घालता प्यायले हे मला आठवतं.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण ते जसं व्हायचं तसंच झालं. गल्लीची धार बारीक झाली. फार नाही, पण आधी अर्ध्या तासात भरणारी टाकी आता तासभर घेई. पुढच्या निवडणुकीत ते पुन्हा कढई घेऊन उभे राहिले. लोक तोंडावर सांगत, “भाऊ, नळ दुरुस्त करून द्या, पन मत मांगू नका.” ते नळ दुरुस्त करून देत आणि मतही मागत. सपाटून पडले. थोरल्या भावाची जीप त्या वेळी नळवाल्या पुतण्याच्या प्रचारात फिरत होती.

पडल्यावर ते आपल्या मूळ कामाकडे वळले, तर परवान्याचं नूतनीकरण अडलं. अनधिकृत वाल बसवल्याची कबुली दिल्याबद्दल चौकशी. पुरावा काय, तर सभेचं इतिवृत्त, माझ्या अक्षरातलं. ती फाइल माझ्या नळजोडणीच्या टेबलावरून पुढे जाताना मी पाहिली. माझंच पान, लाल पेन्सिलीने खूण केलेलं. मी त्यांना म्हटलं, “भाऊ, मी लिहायला नको होतं.”

“तुमी बराबर लिहलं. उलटा नाही लिहलं,” ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. मला हसू आलं नाही.

दोन वर्षं त्यांनी दुसऱ्या फिटरच्या परवान्यावर काम केलं. तो फिटर कधीकाळी यांच्याकडेच शिकलेला. अर्जावर त्याची सही असे, पण मागचा नकाशा पाहिला की मला कळे, कडुनिंबाचं झाड असे, गटाराची फरशी असे. त्या काळात ते कुणाबद्दल वाईट बोलल्याचं मी ऐकलं नाही. मात्र मारुतीच्या ओट्यावरून जाताना मोपेड हळू करायचे. वाल उघडाच आहे ना, याची त्यांना काळजी वाटे. दोनदा त्यांनी मला विचारलं, “कोनी बंद तं नाही करनार ना?” 

परवाना परत मिळाला, आणि पुढच्याच हिवाळ्यात एका सकाळी अंजनगावच्या बसमध्ये चढताना ते कोसळले. अमरावतीला न्यायला गाडी येईपर्यंत संपलं होतं. चुलत्याच्या घरची मोटर पाहायला निघाले होते, पिशवीत पाना होता.

मृत्यूची नोंद माझ्याच टेबलावर झाली. वहिनी आल्या होत्या. व्यवसायाच्या रकान्यापाशी मी थांबले. म्हटलं, “वहिनी, माजी नगरसेवक लिहू?”

त्यांनी थोडा विचार केला. “फिटर लिहा,” म्हणाल्या. “ते बाकी थोडे दिवस होतं.”

तेरवीला मी गेले होते. त्याच्या आदल्या दिवशी गल्लीची लाइन तोंडाशीच फुटली होती आणि आख्ख्या गल्लीत थेंब नव्हता. नगरपरिषदेने टँकर पाठवतो म्हणून सांगितलं होतं, तो आला नाही. अंगणात चुली मांडलेल्या, वांगी चिरून ठेवलेली, वरणाची डाळ धुवायची राहिलेली, आणि आचारी नुसता बसून होता.  थोरले भाऊ दारात येरझारा घालत होते. त्यांनी तेरा दिवस सगळं पुढाकाराने केलं होतं, पण कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

साडेनऊच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी शीलाताई दिसल्या. डोक्यावर पाण्याने भरलेला गुंड, म्हणजे तिकडचा हंडा. त्यांच्या मागे दुसरी, तिसरी. पंचवीस-तीस बायका असतील. वस्तीचा पाण्याचा दिवस होता. नाला ओलांडून, मारुतीच्या ओट्यावरून त्या येत होत्या. गल्लीतली माणसं ओट्यांवरून पाहत होती. कोणी आत गेलं नाही.

फिटरभाऊंची एक आत्या होती, फार जुनी. ती वहिनींजवळ सरकून म्हणाली, “सैपाकाले हेच पानी घेता का?”

“नळ एकच आहे, आत्या,” वहिनी म्हणाल्या. “त्यायच्याकडं चांगल्या धारेनं येते.” आणि त्यांनी डाळीचं पातेलं उचलून पुढे ठेवलं.

शीलाताई दारात थांबल्या होत्या. भरलेला गुंड एकटीने उतरवता येत नाही, कुणीतरी हात द्यावा लागतो. थोरले भाऊ पुढे गेले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तो उतरवून घेतला. मग दुसरीचा. मग तिसरीचा. त्यांचा सदरा छातीपासून खाली भिजला.

जेवणं झाली. वस्तीतल्या बायका वहिनींनी पहिल्या पंगतीला बसवल्या. नंतर रिकामे गुंड घासून, आतून पुसून, प्रत्येकात बुंदी घालून ओट्यावर मांडले. ते परत करायचे होते, आणि कुठला कुणाचा ते कुणाला कळेना. सगळ्यांवर नावं कोरलेली होती, पण वहिनींना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं.

“ताई, तुमी वाचा,” त्या मला म्हणाल्या.

मी पहिला गुंड उचलला आणि हळू आवाजात वाचलं, “आयुष्मती शीला हिस मामाकडून.”

“जोरानं वाचा,” वहिनी म्हणाल्या. “गल्लीले ऐकू जाऊ द्या.”

मी आवाज चढवला. “आयुष्मती शीला हिस मामाकडून.” शीलाताई पुढे आल्या आणि आपला गुंड घेऊन गेल्या. “कांता, सासूबाईंकडून.” कांताबाई आल्या. “रमा. प्रज्ञा. कौसल्या, वडिलांची आठवण.” एकेक नाव मी वाचत गेले, एकेक बाई पुढे येत गेली, आणि ओटा रिकामा होईपर्यंत गल्लीतलं कोणी जागचं हललं नाही.